दाव्याचे कारण घडले ते ठिकाण

चौतीस वर्षं लोकांच्या दारांवर समन्स डकवणाऱ्या माणसाचं भांडण व्हावं कुणाशी, तर जिला दारच नाही अशा कंपनीशी. याला योगायोग म्हणायचं की खोड मोडणं, हे तुमचं तुम्ही ठरवा. बेलिफांच्या बायकोनं तिच्यापुरतं ठरवून टाकलेलं आहे.

बेलिफ म्हणजे कोर्टाचा तो माणूस, जो समन्स घेऊन गल्लीत शिरला की अर्धी गल्ली एकदम बाहेरगावी गेलेली असते. आपले बेलिफ निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी इमारतीत त्यांना सगळे बेलिफच म्हणत आणि त्यांच्या बायकोला बेलिफीणबाई. त्यांना अभिमान दोन गोष्टींचा. एक, घरी शिजवलेली खळ. त्या खळीनं डकवलेला कागद दाराचा रंग घेऊन निघे, पण सुटा निघत नसे. दुसरा अभिमान असा, की चौतीस वर्षांत एकही समन्स चुकीच्या दारावर गेलं नाही. हे ते कुणालाही सांगत. दातांच्या डॉक्टरांना तर तोंडात कापूस असताना सांगितलं होतं.

या दोन अभिमानांच्या जोडीला निवृत्तीनंतर एक शास्त्र आलं. समन्स चुकवून पळणारी माणसं बेलिफांनी आयुष्यभर पाठीमागून पाहिली होती. कोण दमणार, कोण कोपऱ्यावर वळणार, कोण शेवटपर्यंत हाती लागणार नाही, हे माणसाच्या पिंढरीवरून कळतं, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. आणि एके दिवशी फोनवर त्यांना अशी एक कंपनी सापडली, जी जगातल्या कुठल्याही शर्यतीवर पैज घेत असे. त्यात जलद चालण्याच्या शर्यतीही होत्या. पन्नास किलोमीटर माणसं नुसती चालतात आणि कॅमेरा बहुतेक वेळ मागून असतो. बेलिफांना वाटलं, ही सोय खास आपल्यासाठीच केलेली आहे.

आता पैज लावायची तर बायकोसमोर लावणं शक्य नव्हतं. तिच्यासमोर त्यांना टोमॅटोसुद्धा एकट्यानं निवडायची परवानगी नव्हती. म्हणून सकाळी सात दहा ते सात पस्तीस ही वेळ आणि घरातली एकमेव आतून कडी असलेली खोली त्यांनी या कामासाठी मुक्रर केली. ती खोली कोणती, हे पुढे कोर्टाच्या कागदावर आलंच आहे, तेव्हा आपण तरी कशाला लाजायचं. तिथं बसून बेलिफांनी पिंढरीशास्त्राच्या जोरावर सेहेचाळीस पैजा लावल्या आणि सेहेचाळीस हरले.

सत्तेचाळिसाव्या वेळी पेन्शन संपलेली होती. पण पडद्यावर एक असा चालणारा आला, की त्याच्या पिंढऱ्या पाहून बेलिफांना आपल्या तारुण्यातला एक कर्जबुडव्या आठवला, जो त्यांना अकरा वर्षं सापडला नव्हता. भाव होता एकास चाळीस. बेलिफांनी शिवणाच्या खोक्यातला पत्र्याचा डबा उघडला आणि त्यातले तीन हजार घेतले.

हे तीन हजार म्हणजे साधे पैसे नव्हते. बेलिफीणबाई घरी पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश शिवत. मशीन पायानं चालवायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गुडघे हवे असतील तर पायमशीन बंद. मग त्यांनी मशीनला मोटर बसवायला एकेक अभ्रा करत पैसे साठवले होते. बेलिफांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी मनाशी म्हटलं, संध्याकाळपर्यंत परत ठेवू.

आणि दुपारी निकाल बघायला पुन्हा कडी लावली, तर तो चालणारा जिंकला की हो. एक लाख वीस हजार. बेलिफ त्या खोलीत उभे राहिले, आणि बाहेरून बायकोनं विचारलं, "अहो, बरं वाटतंय ना?"

बरं वाटणं तेवढंच. पैसे मागितले तर कंपनीचं उत्तर आलं, आपला पत्ता सिद्ध होत नाही. बेलिफांनी विजेचं बिल पाठवलं. बिल बायकोच्या नावावर होतं. पेन्शनचा कागद पाठवला, त्यावर जुना पत्ता. शेवटी कंपनीनं एक सांकेतिक आकडा टपालानं त्यांच्या घरी पाठवला, आणि ते पाकीट "इसम दिलेल्या पत्त्यावर आढळून आला नाही" असा शेरा घेऊन परत गेलं. हा शेरा बेलिफांनी स्वतःच्या हातानं हजारो लोकांच्या नावापुढे लिहिला होता. कंपनीनं पाठवलेल्या फोटोत तो आपल्या नावापुढे आलेला पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

वरच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहत. बेलिफांनी त्यांना विश्वासात घेतलं, कारण टपालाचा अपमान पोस्टमास्तरांनाही लागला होता.

"हे फोनवरचं लिहिणं म्हणजे वाऱ्यावरची वरात," पोस्टमास्तर म्हणाले. "पत्र लिहा. कागदावर. रजिस्टर, पोचपावतीसकट. जगात पोचपावतीला घाबरत नाही असा माणूस जन्मला नाही."

कंपनीचा पत्ता समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटावरचा होता. एक पेटी क्रमांक आणि पुढं बेटाचं नाव, बस. ना मजला, ना खूण, ना शेजारी कोण. "हा पत्ता नव्हे," बेलिफ कळवळून म्हणाले, "याला मी फरारी म्हणेन." आणि त्याच तिरीमिरीत त्यांनी पत्र लिहिलं. त्यातला मुख्य भाग असा: "पत्ता म्हणजे काय हे आपण मला शिकवू नये. मी चौतीस वर्षे पळणाऱ्या इसमांचा व्यावसायिक अभ्यास केलेला असून सदर विजय नशिबाचा नाही, शास्त्राचा आहे. पैजेच्या क्षेत्रात मी नवखा नाही याची नोंद घ्यावी."

नोंद घेतली गेली. पाच आठवड्यांनी पोचपावती आली, ती पोस्टमास्तरांनी इमारतीत दारोदार फिरवून दाखवली. मागोमाग उत्तर आलं. आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो, मात्र आपण मान्य केलेल्या अटींतील कलम एकतीसनुसार सर्व वाद फक्त या बेटावरच्या न्यायालयातच चालतील. अट मान्य केल्याचं बेलिफांना आठवेना. मग आठवलं, एक चौकोन होता, त्यात बरोबरची खूण केली होती. लोकांनी न वाचता सह्या केल्या म्हणून आयुष्यभर ज्यांनी त्यांना हसून समन्स दिली, त्या बेलिफांनी.

दरम्यान घरी दुसरं प्रकरण पेटलं होतं. बायको मोटरीचं विचारी, आणि बेलिफ सांगत, मेकॅनिक येतो म्हणाला. पुढच्या आठवड्यात मेकॅनिकची बहीण आजारी पडली. मग मेकॅनिकचा पाय मुरगळला. मग सुटा भाग मिळेना. चार महिन्यांत बेलिफांनी त्या बिचाऱ्या मेकॅनिकच्या घरादाराची इतकी वाताहत केली, की बेलिफीणबाई कधी चिडत आणि कधी हळहळत. आणि गुडघ्यांना पट्टे बांधून मशीन चालवत. तो खटखट आवाज बेलिफांना सगळ्या घरभर ऐकू येई, कडी लावली तरी येई.

भाची वकील होती. बेलिफ तिच्याकडे गेले. तिनं सगळं ऐकलं, दोनदा खाली पाहून हसू आवरलं आणि म्हणाली, "मामा, त्या कलमाला भिऊ नका. तुम्ही साधे ग्राहक असाल तर करारात काहीही लिहिलेलं असू दे, दावा तुमच्या घराजवळच्या कोर्टात चालतो. तुम्ही धंदेवाईक असाल तर मात्र त्या बेटावर जावं लागेल."

"मी ग्राहकच," बेलिफ म्हणाले. पत्राबद्दल ते बोलले नाहीत. त्यांच्या मते ते पत्र फारच चांगलं उतरलं होतं.

घराजवळचं कोर्ट म्हणजे दक्षिण विभागाचं, जिथं बेलिफांनी नोकरी केली होती. तिथं अजून त्यांना पाहून शिपाई उठत. बेलिफ इस्त्रीचा शर्ट घालून गेले. खिडकीवरचा कारकून त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं अर्ज वाचला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

"साहेब, दाव्याचं कारण घडलं ते ठिकाण?"

"राहतं घर."

"घरात कुठं?"

"घरात म्हणजे घरात."

"तसं नाही साहेब. तुमच्या इमारतीखालून जुना ओढा जातो. ओढ्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे उत्तर विभाग. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर आमच्याकडे, मागची बाजू त्यांच्याकडे. पैज लावली तेव्हा फोन घेऊन कुठं बसला होता?"

बेलिफांच्या मागं रांगेत नऊ माणसं होती. बेलिफ पुढं वाकून पुटपुटले. कारकुनाला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. या वेळी नऊच्या नऊ माणसांना ऐकू आलं.

"मग ही आमची हद्द नाही," कारकून अतिशय हळहळून म्हणाला. "नकाशावर ओढ्याची रेघ कशी बघायची ते तुम्हीच मला शिकवलंय, साहेब."

तेव्हा दावा उत्तर विभागात गेला, जिथं बेलिफांना कुणी ओळखत नव्हतं. तिथल्या कारकुनानं ठिकाणाचा नकाशा जोडायला सांगितला. भाचीनं मोजपट्टी आणली, बेलिफांनी पोस्टमास्तरांना दुसरं टोक धरायला बोलावलं. बेलिफीणबाई गणवेशांची मापं घ्यायला शाळेत गेल्या होत्या, तेवढ्यात उरकलं. नकाशात दार, खिडकी, बादली आणि "वादी बसण्याची जागा" असं सगळं दाखवलं होतं. पोस्टमास्तरांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि म्हणाले, इतक्या लहान जागेत आंतरराष्ट्रीय प्रश्न मावेल असं वाटलं नव्हतं.

पहिल्या तारखेला कंपनीतर्फे चाकांची बॅग ओढत एक वकील आले. त्यांनी बॅगेतून एकच कागद काढला. बेलिफांनी लांबूनच तो ओळखला, अक्षर त्यांचंच होतं. वकिलांनी ते पत्र मोठ्यानं वाचलं. व्यावसायिक अभ्यास, शास्त्र, नवखा नाही. मग त्यांनी पैजांची यादी दिली. सत्तेचाळीस पैजा, रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. "हा माणूस ग्राहक नाही," वकील म्हणाले, "याचं ते ऑफिस आहे. त्यानं बेटावर यावं."

आपल्याला कुणीतरी तज्ज्ञ म्हटलं याचा बेलिफांना क्षणभर आनंद झाला, हे इथं लपवून चालणार नाही. भाचीचा चेहरा पाहून तो गेला.

बाहेर आल्यावर भाची म्हणाली, "मामा, आता एकच उपाय. तुम्हाला यातलं काही कळत नाही, हे रोज तुम्हाला बघणाऱ्या माणसानं शपथेवर सांगायला हवं. मामींना आणा."

"मी दावा काढून घेतो," बेलिफ म्हणाले.

ते घरी पोचले तेव्हा मशीन थांबलेलं होतं. बायको त्याच्यासमोर नुसती बसली होती.

"मेकॅनिक भेटला होता आज," ती म्हणाली.

बेलिफांनी वर्तमानपत्र वर धरलं.

"मी त्याच्या दुकानासमोर भर रस्त्यात त्याला पाच मिनिटं सुनावलं. मग वाईट वाटलं, म्हणून पायाचं विचारलं, बहिणीचं विचारलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, काकू, आपण कोण?"

वर्तमानपत्र खाली आलं. बेलिफांनी सगळं सांगितलं. पिंढऱ्या, सेहेचाळीस, सत्तेचाळीस, डबा, बेट, ओढा. सांगताना त्यांना पहिल्यांदाच खरीखुरी लाज वाटली. कोर्टातली नव्हे, ती वेगळी. गुडघ्यांना बांधलेल्या त्या पट्ट्यांकडे त्यांना बघवेना.

"डब्यातले?" बायकोनं एवढंच विचारलं.

"हो."

"आणि जिंकलात?"

"हो."

"मग पैसे कुठायत?"

"तो अधिकारक्षेत्राचा प्रश्न आहे," बेलिफ म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं की हे म्हणायला नको होतं.

तिनं गुडघ्याचा एक पट्टा सोडला आणि पुन्हा घट्ट बांधला. मग म्हणाली, "येईन मी. पण शपथ घेतल्यावर मी जे खरं तेच सांगणार. तुम्ही मध्ये तोंड उघडायचं नाही."

साक्षीच्या दिवशी बेलिफीणबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. न्यायाधीशबाईंनी गुडघ्यांचे पट्टे पाहून त्यांना खुर्ची देवविली. कंपनीच्या वकिलांनी गोड आवाजात उलटतपासणी सुरू केली.

"आपले पती अभ्यासू आहेत, नाही का?"

"रोज तीन वर्तमानपत्रं वाचतात," बेलिफीणबाई म्हणाल्या. "मी विचारलं काय बातमी आहे, की परत बघायला लागतात."

"पण माणसांची पारख चांगली आहे म्हणे. मागून पाहून ओळखतात."

"मागच्या वर्षी बाजारात मला समजून दुसऱ्याच बाईंच्या मागं दोन पिशव्या घेऊन तिच्या घरापर्यंत गेले होते. त्या बाईंनी पिशव्या घेतल्या पण."

बेलिफांची कानशिलं तापली. भाचीनं त्यांच्या शर्टाची बाही धरून ठेवली होती. मग ती उठली आणि तिनं शर्यतीचा अधिकृत निकाल दाखल केला. बेलिफांचा चालणारा मुळात चौथा आला होता. चालण्याच्या शर्यतीत दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटले की माणूस बाद होतो, आणि पुढचे तिघे त्या दिवशी धावले म्हणून बाद झाले होते. "या विजयात शास्त्र कुठं दिसतंय?" तिनं न्यायाधीशबाईंना विचारलं. बेलिफ अर्धे उठले. ते तिघे धावणार, हे पिंढऱ्यांवरून दिसतच होतं, असं त्यांना सांगायचं होतं. बायकोनं पिंजऱ्यातून नुसतं पाहिलं, आणि ते बसले.

कंपनीच्या वकिलांनी शेवटचा प्रयत्न केला. "बाई, असं कसं. या माणसानं चौतीस वर्षांत एकही समन्स चुकीच्या दारावर लावलं नाही, असं सगळा मोहल्ला सांगतो. इतका काटेकोर माणूस अडाणी ग्राहक कसा?"

बेलिफीणबाईंनी पदर सारखा केला. खुर्चीच्या हातावर बोटं एकदा वाजवली. नवऱ्याकडे पाहिलं, मग पाहिलं नाही.

"लावलं होतं," त्या म्हणाल्या. "आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. संध्याकाळी येऊन यांनी सांगितलं, अमक्याचं समन्स अमक्या इमारतीत डावीकडच्या दारावर लावलं. मला ती इमारत माहीत होती, तिथं माझ्या मैत्रिणीची आई राहायची. डावीकडे तीच राहायची. यांना जिन्यात उलटं वळायला झालं होतं. यांना सांगितलं असतं तर नोकरी जाईल या भीतीनंच जीव गेला असता. मी पहाटे बादली आणि फडकं घेऊन गेले, ओलं करून करून काढलं, आणि समोरच्या दारावर परत लावलं. खळ घरचीच होती."

टंकलेखक थांबला. बेलिफांनी मान खाली घातली होती आणि ते आपले हात पाहत होते. चौतीस वर्षांतला एक दिवस त्यांच्या हातून गेला होता, आणि तो गेलाय हे त्यांना आज, प्रतिवादीच्या उलटतपासणीत कळत होतं.

आठ दिवसांनी निकाल आला. न्यायालयाला दावा चालवण्याचा पूर्ण अधिकार आहे. कारण, निकालाच्या सोळाव्या परिच्छेदात म्हटलं होतं: "वादी हा पैजेच्या अथवा अन्य कोणत्याही क्षेत्रात तज्ज्ञ असल्याचे दिसून येत नाही. त्याचे पत्र हे केवळ फुशारकी असून त्याच्या पत्नीची साक्ष विश्वासार्ह आहे. वादी हा सर्व अर्थांनी सामान्य ग्राहक आहे." मूळ दाव्याला पुढची तारीख पडली. पण आता इथंच येऊन लढायचं म्हटल्यावर कंपनीला एकाएकी बेलिफांचा पत्ता पटला. तारखेच्या आधीच, सदिच्छा म्हणून, एक लाख वीस हजार आले. पोस्टमास्तरांनी श्रेय पोचपावतीला दिलं.

मोटर बसली. मेकॅनिक आला तेव्हा बेलिफीणबाईंनी त्याला बसवून चहा दिला आणि काही कारण नसताना त्याची माफी मागितली. उरलेले पैसे डब्यात गेले, आणि डबा कुठं गेला हे बेलिफांना आजतागायत माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात दहाला बेलिफ त्या खोलीकडे निघाले, तर दारापाशी बायको उभी होती. हातात खळीचं भांडं, ब्रश आणि निकालाची प्रमाणित प्रत. पोस्टमास्तर पेन घेऊन हजर होते, आणि दुसरी साक्षीदार म्हणून भाचीही आली होती.

"हे काय?"

"डकवायचंय," बायको म्हणाली. "दाव्याचं कारण जिथं घडलं तिथं."

तिनं दाराच्या आतल्या बाजूला, बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येईल असा सोळावा परिच्छेद डकवला. चारही कोपऱ्यांना बोटं फिरवली, मधली हवा तळहातानं काढली, अगदी बेलिफ काढत तशी. खाली दोघा पंचांच्या सह्या झाल्या. काम इतकं व्यवस्थित झालं होतं, की बेलिफांना नाव ठेवायला जागा राहिली नाही.

सगळे गेल्यावर बेलिफ आत बसले आणि कडी लावली. फोन बाहेरच ठेवला होता. समोर "सर्व अर्थांनी सामान्य" असं कोर्टाच्या शिक्क्यासह लिहिलेलं होतं. त्यांनी नखानं एक कोपरा उचकटून पाहिला. हलला नाही. बाहेर मोटरीवर मशीन चालू होतं, खटखट नव्हती, एकसारखी घरघर होती. बऱ्याच वेळानं बेलिफांनी आतूनच विचारलं, "अगं, ते फडकं घेऊन जाणं... एकदाच ना?"

मशीन थांबलं. बेलिफ वाट पाहत राहिले.

"तुम्ही आधी बाहेर या," ती म्हणाली, "मलाही जायचंय," आणि मशीन पुन्हा सुरू झालं.